बाबांच्या रिव्हॉल्वरची तपासणी

समोरचा माणूस खरं बोलतोय असं वाटायला लागलं की मला आधी शंका येते. हा माझा स्वभाव म्हणा, पण त्याच्यावर माझं घर चाललं. विम्याच्या नुकसानीची पाहणी करायचं माझं काम होतं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यात कुठं ट्रक जळाला, धानाचं गोदाम भिजलं, शेतावरची मोटार चोरीला गेली, की मी टेप, टॉर्च आणि कॅमेरा घेऊन हजर. लोक रडत असायचे आणि मी इंजिनाचा नंबर वाचत असायचो. नागभीडकडच्या एका गिरणीवाल्यानं एकदा मला जळून कोळसा झालेल्या तांदळाच्या पोत्यांचा ढीग दाखवला होता. मी काठीनं ढवळून पाहिलं तर आत निव्वळ कोंडा. त्यानं त्या दिवशी घातलेल्या शिव्या मला अजून पाठ आहेत.

आता काम थांबलं. बायको गेली. मुलगी लग्न होऊन समुद्रापलीकडे, आठवड्यातून एकदा मोबाइलच्या चौकटीत दिसते. शंका घ्यायची सवय मात्र गेली नाही. दुधात पाणी आहे का, मीटर जास्त पळतं का, शेजारी आजकाल एवढा गोड का बोलतो, हे माझे सध्याचे विषय. अशा माणसाच्या हातात त्याच्याच बापाचं रिव्हॉल्वर तपासायला आलं, तर काय होणार?

बाबांची मुलचेऱ्याच्या पुढं आरा मशीन, म्हणजे लाकूड कापायची गिरणी होती. लाकडाचे ठेके घ्यायचे, फळ्या चिरून विकायचे. आजोबांच्या काळापासून घरात परवान्याचं एक रिव्हॉल्वर होतं. आम्ही मुलं ते कधी हाताळत नसू, पण त्याच्याबद्दल बोलत मात्र सगळे. जंगल खात्याचा एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना आजोबांना देऊन गेला, ही आमची घरची गोष्ट. बाबा स्वतः माझ्याहून संशयी. निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. ती परत मिळाली की बाबा भिंग घेऊन आधी नंबर वाचायचे, मग हातात तोलून म्हणायचे, "वजन वेगळं लागून राह्यलं." प्रत्येक निवडणुकीनंतर हेच. नंबर तोच असायचा, वजनही तेच असायचं.

अशा बाबांचा जगात एकाच माणसावर विश्वास होता. आमच्याकडे आऱ्यांना धार लावायला जवळच्या जंगलगावातले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणायचे, मीही. मशीन बंद पडली, आरे गंजले, तरी भाऊ आणि त्यांची बायको बाबांकडेच राहिले. घराच्या मागं त्यांची खोली, पुढं बाबांची. आई गेल्यावर तर त्या घरात तिघंच.

बाबा गेले ते सकाळी, चहाचा कप हातात असताना. भाऊंनी फोन केला आणि म्हणाले, "मालक आटपले जी." तेरवी झाल्यावर भाऊ आणि त्यांच्या बाई आपल्या गावातल्या घरी राहायला गेले, आणि मी पेटी उघडली, रिव्हॉल्वर आणि काडतुसं बाहेर काढली. वारसाला असं हत्यार घरात ठेवून चालत नाही, म्हणून चंद्रपुरात परकोटाच्या आतल्या गल्लीत बंदुकांचं जुनं दुकान आहे, तिथं रीतसर जमा केलं. दुकानदारानं नंबर परवान्याशी ताडून पाहिला, कपड्यात गुंडाळून तिजोरीत टाकलं. मी ते विसरूनही गेलो.

विसरली नाही ती माझी बहीण. ती नागपूरला असते. एक दिवस तिचा फोन.

"दादा, बाबाचं ते रिव्हॉल्वर नुसतं पडून राह्यलं ना तिथी?"

"पडलंय. काऊन?"

"इथी एक हौशी माणूस आहे. जुने हत्यारं जमवतो. साहेबाच्या जमान्याचं असंल, अस्सल असंल, त चांगली किंमत देतो म्हणे. तू जरा तपासून पाह्य. तुले तर तेच येते."

किमतीचं ऐकून मला हुरूप आला, हे खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त उत्साह होता तपासायचा. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी तपासायला सांगितलं होतं.

दुकानदार पंचाहत्तरीच्या घरातले. त्यांच्या आजोबांपासून हा धंदा. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, आणि आपल्याला सगळं कळतं यावर गाढ विश्वास. साहेबाची गोष्ट मी सांगायला सुरुवात केली तेव्हाच त्यांनी हात वर केला.

"वो साहब का किस्सा रहने दो. माह्याकडं येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या आज्याले साहेबच देऊन गेला. इतके साहेब असते, त ताडोब्यात आज एक वाघ नसता राह्यला."

मग त्यांनी टेबलावर जाड कापड अंथरलं. रिव्हॉल्वर मधून मोडलं, म्हणजे आधी वरची खिट्टी दाबली आणि नळी पुढं झुकवली. मागची गोळ्यांची फिरकी उघडी पडली, सहा रिकामी घरं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं आणि तेलानं ते एकेक कोपरा साफ करत होते, आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंग धरून पाहत होतो. त्यांचं म्हणणं, दोन गोष्टी असू शकतात. एक तर हे इंग्लंडातल्या मोठ्या कारखान्याचं काम, नाहीतर त्याच काळात स्पेनमध्ये होणारी हुबेहूब नक्कल. अशा नकला बोटीनं ढिगानं इकडे यायच्या आणि लोक त्यांना विलायती समजून पुजायचे. दिसायला सारख्या, पण स्क्रूची डोकी ओबडधोबड, अक्षरं जरा तिरपी, आणि तपासणीचे शिक्के वेगळे.

"ये देखो," ते म्हणाले. नळीच्या खाली, बिजागरीजवळ, तेलाखालून एक छोटासा मुकुट वर आला, विलायती तपासणीचा शिक्का. त्याच्याखाली अक्षरं. फिरकीवर तोच मुकुट, प्रत्येक घराशेजारी एकेक. चौकटीवरचा नंबर परवान्यावरचाच, आणि तोच नंबर फिरकीवरही. म्हणजे फिरकी बदललेली नाही. मुठीच्या दोन्ही काळ्या पट्ट्या मूळच्या, फक्त एकीचा कोपरा उडालेला.

"असली है," दुकानदार म्हणाले, जणू त्यांनीच बनवलं होतं.

साहेब खरा की खोटा ते राहू द्या, निदान रिव्हॉल्वर खरं निघालं.  पण लगेच त्यांनी तोंड वाकडं केलं. अशा हत्याराला मूळचा निळसर काळा रंग असतो. जमवणारा माणूस आधी तो रंग बघतो. ओरखडे चालतात, झीज चालते, पण रंग मूळचा हवा. आमचं मात्र लग्नातल्या ताटासारखं पांढरं लखलखीत होतं.

याचं कारण मला माहीत होतं. दसऱ्याला आमच्या मशीनवर सगळं लोखंड पुजायचे. आरे, कुऱ्हाडी, विळे, कोयते, आणि त्यांच्याच रांगेत रिव्हॉल्वर. देवापुढं ठेवायचं लोखंड पांढरं दिसलं पाहिजे, असं भाऊंचं म्हणणं. आदल्या दिवशी ते विहिरीजवळ बसून सगळं चिंच आणि राखेनं घासून काढायचे, आणि त्यांनी रिव्हॉल्वर कधी विळ्यापेक्षा वेगळं मानलं नाही. बिनपरवान्याच्या माणसाच्या हातात हत्यार देणं हाच मुळात गुन्हा, पण बाबा ते द्यायचे. ठाण्यावर विश्वास नाही, आणि भाऊंच्या हातात बिनघोर!

"चिंच?" दुकानदारांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! इमली से?"

मग ते थोडे शांत झाले. रंग गेला तरी अस्सल आहे, सगळ्या भागांचे नंबर जुळतात, चालू हालतीत असेल तर हौशी माणूस घेईल, असं म्हणत त्यांनी मागचा घोडा अंगठ्यानं ओढला. चाप दाबला की हा घोडा पुढं आपटतो, आणि त्याच्या टोकाला पक्ष्याच्या चोचीसारखं जे असतं ते काडतुसाच्या बुडावर बसतं. त्यानंच गोळी सुटते. त्यांनी घोडा ओढला, आणि ओढलेलाच धरून ठेवला. भिंग मागितलं. 

"साहेब, याले चोच नाई."

मी पाहिलं. चोचीच्या जागी सपाट बुंधा. झिजलेला नाही, मोडलेला नाही. घासून काढलेला. मी आयुष्यभर चेसिसचे खोडलेले नंबर पाहिले आहेत, घासलेलं लोखंड मला लांबून कळतं. बुंध्यावर बारीक तिरके ओरखडे होते, दोन दिशांचे. अशी खूण तिकोनी कानशीची असते. आणि तिकोनी कानस आऱ्याचे दात काढायला वापरतात.

दुकानदारांचा विचार वेगळाच धावला. त्यांच्या मते कुणीतरी मूळचा चालू घोडा काढून घेतला आणि त्या जागी हा निकामी बसवला. घोड्यावर नंबर नव्हता, त्यामुळे तसं झालं नाही हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"असली घोडा गया अंदर," ते आवाज खाली आणून म्हणाले. "जुन्या मालाचे पार्ट मिळत नाईत आजकाल. कोणाले तरी लागला असंल."

आमच्या भागात 'अंदर' म्हणजे जंगलात. जंगलात म्हणजे कुणाकडं, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. 

त्यांनी पुढचं सांगितलं ते साधंच होतं. त्यांच्याकडे एका भंगार रिव्हॉल्वरचा त्याच जातीचा घोडा पडून आहे. परवाना माझ्या नावावर झाला की तो बसवून देतील, हत्यार परत बोलायला लागेल, किंमत बऱ्यापैकी येईल. पण दुरुस्तीच्या अर्जात मला लिहून द्यावं लागेल की ते कसं बिघडलं आणि कुणाच्या हातात होतं. "खरं लिहा," ते म्हणाले. "कल को कुछ निकला, तो मैं नहीं फसूंगा."

मी घरी आलो आणि कोऱ्या कागदासमोर बसलो. लिहायचं तर एकच नाव होतं. पेटीची किल्ली कुठं असते हे भाऊंना माहीत, दरसाल हत्यार त्यांच्या हातात, कानस त्यांची. यापेक्षा कमी पुराव्यावर मी लोकांचे दावे फेटाळले होते. पण त्या कागदाचं पुढं काय होईल हेही मला माहीत होतं. जंगलगावातला माणूस, परवाना नाही, घरात असलेल्या हत्याराचा एक भाग गायब. एवढ्या तीन ओळींवर पोलिसांची गाडी भाऊंच्या गावात जाईल, आणि परत येताना तिच्यात भाऊ असतील. या वयात ते परत घरी किती लवकर येतील, येतील की नाही, याची खात्री मला कुणी दिली नसती.

बहिणीला फोन केला. चूकच केली.

"लिहून टाक," ती म्हणाली. "चोर तो चोर. बाबाचा विश्वास होता म्हूनच तर त्यानं हात मारला."

"अगं, पण ते भाऊ आहेत."

"म्हून काय झालं? तू तर परक्याले सोडत नव्हता. अना इथी तुले दया येऊन राह्यली?"

हे लागलं. खरं म्हणजे मला दया येत नव्हती, राग येत होता. चाळीसएक वर्षं ज्या माणसाच्या हातची भाकर बाबांनी खाल्ली, तो माणूस बाबांच्या पाठीमागं कानस चालवत होता! का? कुणासाठी? मी ठरवलं, आधी तोंडावर विचारायचं. उत्तर नाही आलं, तर अर्ज द्यायचा.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. गोंडपिपरी सोडली आणि आष्टीच्या पुलानंतर सूरजागडच्या खनिजाचे ट्रक सुरू झाले, एकामागे एक. रस्त्याकडेची झाडं तांबड्या धुळीनं वाळल्या मिरचीच्या रंगाची झालेली. एरवी मी एवढ्या ट्रकांकडे पाहून ताडपत्री नीट बांधली आहे का ते बघितलं असतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात भाऊंना प्रश्न विचारत होतो आणि त्यांची खोटी उत्तरं मीच देत होतो. मुलचेऱ्याच्या अलीकडं बंगाली निर्वासितांच्या गावात बाजार होता. भाऊंना मासे आवडतात म्हणून दरवेळी मी तिथं थांबायचो. त्या दिवशी थांबलो नाही.

भाऊ अंगणात खाटेची दोरी ओढत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. बाईंनी लोटाभर पाणी आणून दिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं.

"भाऊ, बाबाच्या रिव्हॉल्वरचा घोडा कोणं घासला?"

ते दोरी ओढायचे थांबले. माझा अनुभव असा, की या क्षणी माणूस 'कोणता घोडा' म्हणून विचारतो. भाऊंनी विचारलं नाही.

"मीनं घासला," ते म्हणाले.

"कानशीनं?"

"हो."

"काऊन?"

 त्यांनी दोरीला गाठ मारली. मी पुन्हा विचारलं. मूळचा घोडा कुणाला दिला? कुणी मागायला आलं होतं का? कुणी धमकी दिली का? माझा आवाज वाढत होता, आत चुलीजवळची भांडी वाजायची थांबली होती. भाऊ नुसते मान हलवत होते.

"कोणाले काई देलं नाई. तोच घोडा आहे. मीनं घासला."

"अरे पण काऊन घासला? सांगा ना!"

"तुले जे लिहायचं आहे, ते लिहून दे जी. माह्यं नाव लिही. मी येतो ठाण्यात."

अशा उत्तरानं माझं डोकं फिरतं. एवढ्या सहज जेल पत्करणारा माणूस कुणाला तरी पाठीशी घालतो, हे मला शंभर वेळा दिसलं होतं. फक्त कुणाला, ते समजत नव्हतं. मी उठलो. म्हटलं, ठीक आहे, नका सांगू. मी परवाना माझ्या नावावर करून घेतो. चंद्रपूरच्या दुकानात दुसरा घोडा आहे, तो बसवला की हत्यार पुन्हा पहिल्यासारखं. विकलं गेलं तर गेलं, नाही तर माझ्या कपाटात राहील. बाबांची आठवण म्हणून.

हे मी चिडून बोललो होतो. घरात ठेवायचा विचार तोपर्यंत माझ्या डोक्यात आलेला नव्हता.

भाऊ एकदम उभे राहिले. खाट अर्धी तशीच.

"नको करू दुरुस्त."

"काऊन नको?"

"मी सांगून राह्यलो ना. नको करू."

 ठाण्याचं नाव ऐकून न हललेला माणूस दुरुस्तीचं नाव ऐकून हलला, हे मला चमत्कारिक वाटलं. मी परत बसलो. बाईंनी चहा आणून ठेवला आणि त्याही दाराशीच उभ्या राहिल्या. भाऊंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "सांगून टाका. मालक आता नाईत ऐकाले."

मग भाऊ बोलले, जमिनीकडं पाहत.

"तुही माय गेली त्या सालची गोष्ट. मालक बराबर जेवत नव्हते. दुपारी पेटीतून ते काढत, पुसत, अना ठेवून देत. मले वाटे, पुसून राह्यले त पुसू द्या, तेवढंच मन लागते. मंग एक दिस जवळून पाह्यलं, त त्यात गोळ्या भरून होत्या. मी म्हटलं, मालक, इथी कायचं जनावर आलं? त ते हासले. मले ते हासणं नाई आवडलं."

त्यांनी खाटेची सुटलेली दोरी हातात गोळा केली.

"लपवून ठेवाव, त मालक ठाण्यात रपट देतीन. गोळ्या लपवाव, त मोजून पाह्यतीन, तुले त माहीत आहे त्यायचा सोभाव. मंग दसरा आला. मीनं सगळं लोखंड काढलं, तेही मांगतलं. घोडा मांगं ओढला अना आऱ्याची कानस मारली. सपाट करून टाकला. वरून चिंच-राख मारली अना चमकवून त्यायच्या हातात देऊन देलं."

"बाबाले सांगतलं नाई?"

"कसं सांगू जी? काय म्हणून सांगू?"

अंगणात कोंबडी खरडत होती. भाऊंनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"थंडी होती. मी मागं धान पसरवून राह्यलो होतो. आतून आवाज आला, टक्. माह्ये पायच नाई उचलले. मंग अजून एक डाव, टक्. मी आत गेलो. मालक खुर्चीवर बसून होते, हातात ते. त्यायनं माह्याकडं पाह्यलं. मीनं त्यायच्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, काय रे, आज भाजी कायची केली?"

बाईंनी पदर तोंडाला लावला.

"पुढच्या दसऱ्याले मले मांगा नाई लागलं," भाऊ म्हणाले. "त्यायनंच आणून देलं विहिरीवर. दरसाली आणून देत. त्याच्यावर आमी कधी बोललो नाई. ते नाई, मी बी नाई."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्या वर्षी आईच्या तेरवीला मी आलो होतो. बाबा मला बस थांब्यापर्यंत सोडायला आले होते आणि रस्त्यानं निवडणुकीतल्या हत्यारजमेबद्दल तक्रार करत होते. माणूस ठीक आहे, असं मी मनात म्हटलं होतं. बंद गोदामातला वास ओळखणारा मी! त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकल्या, तिच्या नवऱ्याची उलटतपासणी घेतली, माझ्या बायकोच्या आजारपणात चंद्रपूरला येऊन माझ्याशी पत्ते खेळत बसले. ही सगळी वर्षं एका कानशीतून आली होती, आणि मी त्याच कानशीच्या खुणा पुरावा म्हणून घेऊन भाऊंना पकडायला निघालो होतो.

मी म्हटलं, "भाऊ, हे आधीच सांगून द्याचं ना. मी नाव लिहून देणार होतो तुमचं."

"लिहिलं असतं त लिहिलं असतं. मालकाचं लोकाइले कायले सांगाव?"

मी डोळे पुसले. उठायला लागलो. भाऊंनी माझ्या मनगटाला धरलं. त्यांची पकड आऱ्याला धार लावणाऱ्या माणसाची, अजूनही तशीच. ते माझ्याकडं टक लावून पाहत होते, आणि त्या पाहण्यात आता माया नव्हती, दुसरंच काही होतं. मी ती नजर ओळखली, कारण ती माझीच होती. मी जळालेल्या ट्रकच्या मालकांकडं असाच पाहायचो.

"तू कपाटात ठेवतो म्हणाला," ते म्हणाले. "दुरुस्त करून. तुह्या घरी आता कोण आहे?"

"कोणी नाई. मी एकटाच."

"मंग तुले ते चालू करून कायले पायजे?"

मी हसून म्हणणार होतो, काय भाऊ, काहीतरीच. विकायचं आहे, चांगली किंमत येते. जीभ उचलली, पण शब्द आला नाही. रागाच्या भरात 'कपाटात राहील' असं जे तोंडातून निघालं, ते नेमकं कुठून निघालं, हे माझं मलाच सांगता येईना.  भाऊ मनगट सोडत नव्हते. चहा केव्हाच गार झाला होता, बाईंनी तो नेला आणि न विचारता माझ्यासाठी भात टाकला.

अर्ज मी दिला, पण वेगळा. वारसांना हत्यार नको, सरकारजमा करून नष्ट करावं. बिघाडाच्या जागी लिहिलं, जुनं असल्यानं निकामी. दुकानदारांनी तो दोनदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "असली चीज है साहब," ते म्हणाले, आणि माझ्या वागण्यात काहीतरी काळंबेरं आहे हे त्यांना पटलेलं दिसत होतं. मी त्यांची समजूत काढली नाही. बहिणीला मात्र सगळं सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. तासाभरानं परत केला आणि रडक्या आवाजात एवढंच विचारलं, "दादा, भाजी कायची होती त्या दिवशी?" ते मी भाऊंना विचारलंच नव्हतं.

आता भाऊंचे फोन येतात. त्यांच्या घरातून रेंज लागत नाही, त्यासाठी शाळेमागच्या टेकाडावर चढून यावं लागतं, तरी येतात. धान कसं आहे, डुकरांनी बांध कसा उकरला, बाईंचा गुडघा कसा आहे, हे सांगतात. मग म्हणतात, "अना बाकी?" आणि थांबतात. त्या थांबण्यात ते माझा आवाज तपासतात, हे मला कळतं. मी म्हणतो, बरा आहे, जेवलो, आज वांगी केली होती. ते हो म्हणतात, पण त्यांचा विश्वास बसत नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा टेकाडावर चढतात.